आगीला न घाबरणारी तार कोणती?

आमच्या इमारतीला सात मजले आहेत. तळाशी अग्निशमनाचा पंप, जिन्यातून वर गेलेला लाल नळ आणि प्रत्येक मजल्यावर काच फोडून दाबावयाचे एक बटण, अशी नेहमीची व्यवस्था आहे. गेल्या वर्षी या पंपाला वीज नेणारी जुनी तार बदलण्याचे ठरले. वायरमन नव्या तारेचे भेंडोळे घेऊन आला, तेव्हा मी त्याला सहज विचारले, "आग लागली तर ही तार टिकेल ना?" त्याने खोके माझ्याकडे फिरवले आणि त्यावरच्या दोन अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, एफआर आहे. आगीला घाबरायचं काम नाही."

वायरमन प्रामाणिक होता आणि तारही चांगल्या प्रतीची होती. उत्तर मात्र चुकीचे होते. ही चूक त्याच्या एकट्याची नव्हे. दुकानदार, सोसायटीचे सचिव, कधी कधी इंजिनिअरसुद्धा ती करतात. चूक शब्दांची आहे, पण तिची किंमत माणसांना मोजावी लागते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आज तिच्याविषयीच लिहावयाचे आहे.

'एफआर' ही 'फ्लेम रिटार्डंट' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. अर्थ असा की, ही तार ज्वाला पसरू देत नाही. तिची कसोटी घेताना तारेचा एक तुकडा धरून त्याला ठराविक वेळ ज्योत लावतात. ज्योत काढून घेतल्यावर तार आपोआप विझली पाहिजे आणि जळलेला भाग ठराविक लांबीच्या आत राहिला पाहिजे. तार उत्तीर्ण! आता असे पाहा, या परीक्षेत एक प्रश्न विचारलाच गेला नाही. ज्योत लागलेली असताना तारेतून वीज वाहत होती का? घराच्या साध्या वायरिंगच्या दृष्टीने तो प्रश्न महत्त्वाचा नाही. तिथे तारेमुळे आग पसरू नये एवढेच पुरे. पण अग्निशमनाच्या पंपाला, धोक्याच्या घंटेला, धूर बाहेर काढणाऱ्या पंख्याला वीज नेणाऱ्या तारेच्या बाबतीत तोच खरा प्रश्न आहे.

म्हणून मी दोन वेगळे मराठी शब्दप्रयोग सुचवतो: एक 'आग न पसरवणारी तार' आणि दुसरी 'आगीत तगणारी तार'. पहिली विझते, दुसरी चालू राहते. पहिलीचे नाव ऐकून दुसरीचे काम तिच्यावर सोपवणे म्हणजे ओल्या लाकडाला पाण्याचा पंप समजण्यासारखे आहे.

पहिली तार आगीत का तगत नाही, हे समजणे अवघड नाही. आपल्या घरातील बहुतेक तारांचे आवरण पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते. या पदार्थाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. क्लोरीनमुळे ते सहजासहजी पेट घेत नाही, हा त्याचा गुण. पण त्याच क्लोरीनमुळे तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलावा मिळाला की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते, आणि ओलावा तर माणसाच्या डोळ्यांत व घशातही असतो. साध्या पीव्हीसी तारेतील तांबे नेहमीच्या वापरात ७० अंश सेल्सिअसच्या वर तापू देऊ नये, असा नियम आहे. आग लागलेल्या खोलीत काय होते? इमारतींच्या भागांची परीक्षा घेण्यासाठी भट्टीचे उष्णतामान कसे वाढवावे याचे एक आंतरराष्ट्रीय वेळापत्रक ठरलेले आहे. त्यानुसार ३० मिनिटांनी सुमारे ८४० अंश, एका तासाने सुमारे ९४५ अंश आणि दोन तासांनी सुमारे १,०५० अंश गाठले जातात. सत्तर कुठे आणि आठशे चाळीस कुठे! पीव्हीसी मऊ पडते, ओघळते, काळे पडते आणि आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटतात. शॉर्ट सर्किट होते. मग पॅनेलवरची एमसीबी आपले काम चोख बजावते आणि खटका पडतो. पंप बंद!

हे नुसते कल्पनेत घडत नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टेनेसी नदीच्या काठी ब्राउन्स फेरी नावाचे अणुविद्युत् केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तेथे दोन कामगार एका भिंतीतील भोकांची तपासणी करीत होते. या भोकांतून शेकडो केबली नियंत्रण-कक्षाखालच्या दालनातून अणुभट्टीच्या इमारतीत जात होत्या. भोकांच्या फटींतून हवा गळते की काय, हे ते मेणबत्ती धरून पाहत होते. ज्योत वाकली की समजावे, इथे फट आहे. युक्ती जुनी आणि सोपी! पण फट बुजवण्यासाठी भरलेला फोम पेट घेणारा होता. भट्टीच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम थोडा कमी ठेवलेला असल्याने वारा आत ओढला जात होता. त्या वाऱ्याबरोबर ज्योतही भोकात ओढली गेली. फोम पेटला आणि भिंतीपलीकडच्या केबलींना आग लागली.

ही आग सुमारे सात तास चालली. १,६०० हून अधिक केबली जळाल्या. त्यांतील कित्येक केबली संकटकाळी अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणांच्या होत्या. केंद्रात एक यंत्रणा बिघडली तर दुसरी असावी म्हणून राखीव यंत्रणा बसविलेल्या होत्या. त्यांचे पंप वेगळे होते आणि झडपाही वेगळ्या होत्या. मात्र त्यांच्या केबली एकमेकींच्या शेजारून गेल्या होत्या. त्यामुळे एकाच आगीत मुख्य यंत्रणाही गेली आणि राखीवही गेली. नियंत्रण-कक्षातील दिवे मनमानी करू लागले; कधी प्रखर होत, कधी मंद, कधी विझत. कारण दिव्यांना बातमी आणणाऱ्या तारांचीच आवरणे जळत होती. शेवटी, या कामासाठी योजलेले नव्हते असे दुसरे पंप वापरून कर्मचाऱ्यांनी भट्टीत पाणी टिकवून धरले. कोणी दगावले नाही आणि किरणोत्सारही बाहेर पडला नाही. त्या दिवशी माणसांचे डोके शांत राहिले, एवढेच म्हणावयाचे.

(जाता जाता एक गोष्ट. जवळच्या गावाहून आलेल्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाने पाणी मारा असे सुरुवातीलाच सुचविले होते. विजेच्या आगीवर पाणी कसे मारावे, या भीतीने ते कित्येक तास लांबविले गेले. अखेर पाणी मारल्यावर आग लवकरच आटोक्यात आली.)

या अपघातानंतर १९८० साली अमेरिकेने अणुकेंद्रांसाठी नवे नियम केले. मुख्य आणि राखीव यंत्रणांच्या केबलींमध्ये तीन तास आग थोपविणारी भिंत असावी. किंवा त्यांच्यात २० फुटांचे मोकळे अंतर असावे आणि सोबत आगीची सूचना देणारी व आग विझविणारी साधने असावीत. किंवा एका केबलीभोवती एक तास टिकणारे कवच असावे आणि हीच साधने असावीत, असे पर्याय त्यांत आहेत. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की, पंप किती आहेत हे मोजून भागत नाही, हे त्या नियमांनी मान्य केले. तार कोणत्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर काय घडू शकते, हेही पाहावे लागते.

मग आगीत तगणारी तार असते तरी कशी? तिचे दोन प्रकार तुमच्या घरातल्या दोन वस्तूंवरून समजतील.

जुनी विजेची इस्त्री उघडलेली पाहिली आहे का? तीत अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर नायक्रोमची पट्टी गुंडाळलेली असे. पट्टी लाल होई, पण अभ्रक जळत नसे आणि वीजही बाहेर जाऊ देत नसे. अभ्रक हे खनिज आहे. झारखंडमधील कोडर्मा भाग त्यासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे निघतात. आगीत तगणाऱ्या केबलीत तांब्याच्या तारेवर प्रथम काचतंतू व अभ्रक यांची फीत पदरावर पदर घेत गुंडाळतात आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवितात. आग लागली की वरचे प्लॅस्टिक जळून जाते. फीत मात्र राहते, आणि तेवढी तांब्याला तांबे भिडू न देण्यास पुरते.

दुसरी वस्तू म्हणजे बादलीत पाणी तापवण्याचा रॉड. त्याच्या नळीत मध्यभागी नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड मॅग्नेशियम ऑक्साइडची. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जाळल्यावर डोळे दिपविणारा प्रकाश पडतो आणि मागे पांढरी राख उरते ना? तीच ही. जे एकदा जळून चुकले आहे ते पुन्हा काय जळणार! तिचा वितळणबिंदू २,८०० अंशांच्याही वर आहे. रॉडमधील नायक्रोमच्या जागी तांब्याची तार घातली आणि नळी तांब्याचीच ठेवून ओढून लांब केली की खनिज-रोधक केबल तयार झाली. बोरेल या स्विस संशोधकाने १८९६ साली तिचे पेटंट घेतले होते. म्हणजे कल्पना काही नवी नाही. या केबलीत जळण्यासारखे काहीच नाही. दोष एकच. ती पूड हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून केबल कापली की तिचे तोंड लगेच आणि नीट बंद करावे लागते. ते काम आळसाने केले तर सर्वांत उत्तम केबल पावसाळ्यात सर्वांत वाईट ठरू शकते.

अशा केबलींची परीक्षाही वेगळी असते. ब्रिटिश मानकातील एका परीक्षेत केबलीतून वीज चालू ठेवून ती ९५० अंशांच्या ज्वाळेत तीन तास धरतात. दुसरीत ६५० अंशांच्या ज्वाळेत १५ मिनिटे ठेवून पुढची १५ मिनिटे ज्वाळेबरोबर पाण्याचा फवाराही मारतात. कारण आगीत पाणी येणारच. तिसरीत ९५० अंशांच्या ज्वाळेत असताना केबल ज्यावर बसविली आहे त्या फळीला वारंवार ठोके देतात. कारण आगीत छताचे तुकडे पडणारच. या परीक्षांमध्ये केबल काळी पडली किंवा तिचे कवच गळून गेले तरी हरकत नसते. वीज चालू राहिली पाहिजे, एवढीच अट. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०२१ साली आगीत तगणाऱ्या केबलींसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे. तेव्हा असा माल आपल्या देशात ओळखायचा कसा, ही अडचण राहिलेली नाही.

इथे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वही काढावी. आवरण तगले तरी तांब्याचे काय? तांबे सुमारे १,०८३ अंशांना वितळते, म्हणजे ते थोडक्यात वाचते. ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांनाच वितळते, म्हणून आगीच्या वाटेवर ते चालत नाही. पण वितळले नाही तरी तांबे बदलतेच. दर अंशाला त्याचा रोध मूळच्या सुमारे ०.००३९ पटीने वाढतो. वीस अंशांवरून ८४० अंशांवर गेलात की वाढ झाली ८२० अंश. ८२० गुणिले ०.००३९ म्हणजे सुमारे ३.२. मूळ एक मिळवा. रोध ४.२ पट झाला! २.५ चौरस मिलिमीटरची तार आगीच्या भागातून २० मीटर जाते असे धरा. जाण्यायेण्याची मिळून ४० मीटर. तिचा थंडपणी रोध सुमारे ०.२८ ओहम. दहा अँपिअर प्रवाहाला पावणेतीन व्होल्टच्या आसपास दाब वाटेत पडतो. काही बिघडत नाही. आगीत तोच सुमारे बारा व्होल्ट पडेल. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, हेही ध्यानात घ्या. दाब कमी पडला तर मोटर नुसती घुमत राहील, फिरणार नाही. म्हणून अशा केबलीची जाडी ठरविताना ती आगीत असेल असे धरून हिशेब करावा लागतो. तो न करता 'योग्य प्रकारची' तार घेतली तरी पंप बसून राहू शकतो.

आतापर्यंत तारेविषयी बोललो. पण माझ्या मते आपल्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते तार बसविण्याच्या कामाकडे. तार भिंतीला कशाने धरली आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. पीव्हीसीची पट्टी ऐंशी-नव्वद अंशांतच मऊ होते. जिन्याच्या छताजवळ धूर आणि गरम हवा साठते. तेथली पट्टी ज्वाळा पोचण्याआधीच गळून पडते आणि आतल्या तारा माणसाच्या उंचीवर लोंबू लागतात.

ब्रिटनमध्ये स्टीव्हनेज येथील एका उंच इमारतीत २ फेब्रुवारी २००५ रोजी चौदाव्या मजल्यावर आग लागली. तीत अग्निशमन दलाचे दोन जवान आणि एक रहिवासी स्त्री मृत्यू पावली. प्लॅस्टिकच्या पट्टीतून सुटून खाली आलेल्या तारांमध्ये एक जवान अडकला होता. या तारा होत्या धोक्याच्या घंटेच्या. ६ एप्रिल २०१० रोजी साउथॅम्प्टन येथील एका उंच इमारतीत पुन्हा तेच घडले, आणि पुन्हा दोन जवान गेले. काळ्या धुरात, पाठीवर हवेची टाकी घेऊन रांगत जाणाऱ्या माणसाची कल्पना करा. वरून वेलीसारख्या तारा लोंबत आहेत, त्या टाकीला अडकतात, आणि मागे वळून पाहिले तरी काही दिसत नाही. चौकशीनंतर ब्रिटनच्या वायरिंग-नियमांत आधी २०१५ साली सुटकेच्या मार्गांपुरती आणि पुढे २०१८ साली सर्व जागांसाठी अशी सुधारणा झाली की, आगीत लवकर गळून पडणार नाहीत अशाच आधारांनी तारा बांधल्या पाहिजेत. पहिल्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, हेही विसरू नये.

म्हणजे पत्र्याच्या सॅडल हव्यात, त्याही ठरलेल्या अंतरावर. सॅडल धातूची आणि भिंतीतला रावळ-प्लग प्लॅस्टिकचा असेल तर प्लग वितळून सॅडल स्क्रूसकट बाहेर येईल. तेव्हा भिंतीत धातूचाच खिळा किंवा बोल्ट हवा. जोडाचीही तीच गोष्ट. तार तीन तास तगणारी आणि जंक्शन बॉक्स मात्र प्लॅस्टिकचा, आतला कनेक्टर नायलॉनचा, असे असेल तर ती साखळी त्या कनेक्टरपाशी तुटते. तेथे लोखंडी डबी आणि चिनीमातीचा कनेक्टर हवा. त्याहून उत्तम म्हणजे वाटेत जोडच नको.

आणि डक्ट! प्रत्येक उंच इमारतीत तारा वर नेण्यासाठी उभा बोळ असतो. मजल्याच्या लादीला जिथे भोक पाडले असेल तिथे तारांभोवतीची जागा न जळणाऱ्या पदार्थाने बुजवावी, असा नियम आहे. न बुजविल्यास डक्ट म्हणजे चुलीचे धुराडेच. आपल्याकडे ही भोके उघडी असतात आणि दाराआड जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे व मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. आमच्या डक्टमध्ये पाचव्या मजल्यावर एक गणपतीचे मखर होते, थर्मोकोलचे.

आपल्याकडे नियम नाहीत असे मुळीच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत अग्निशमनाचे पंप, लिफ्ट, जिन्यातील व मार्गिकांतील दिवे आणि जिन्यात स्वच्छ हवेचा दाब ठेवणारे पंखे यांचे मंडल मुख्य पॅनेलपासूनच वेगळे न्यावे आणि वेगळ्या नळ्यांतून न्यावे, म्हणजे एका मंडलातील आगीचा दुसऱ्याला उपद्रव होणार नाही, असे सांगितले आहे. महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. त्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावयाचे असते.

ही व्यवस्था चांगली आहे. पण तिच्यात एक गोष्ट निसटते, आणि माझे मुख्य म्हणणे तेच आहे. परीक्षक येतो, बटण दाबतो, पंप सुरू होतो, नळातून पाणी उडते. सही होते. ही सगळी परीक्षा थंड तारेवर झालेली असते. थंडपणी साधी तार आणि आगीत तगणारी तार यांच्यात काडीचाही फरक दिसत नाही. प्लॅस्टिकची सॅडल आणि पत्र्याची सॅडल दोन्ही तितक्याच घट्ट धरतात. पंप बिघडला तर जुलैत कळते. तार चुकीची असेल तर ती वीस वर्षे सर्व परीक्षांत उत्तीर्ण होईल आणि फक्त एकदाच नापास होईल. ती परीक्षा आपण घेऊ शकत नाही. तेव्हा तार ज्या दिवशी बसते त्याच दिवशी ती बरोबर असावयास हवी. त्या दिवशी डबीचे झाकण लावण्यापूर्वी कोणीतरी जाणत्याने येऊन तारेवर छापलेली अक्षरे, सॅडल, जोड आणि मजल्याची भोके पाहावीत आणि नोंदवहीत सही करावी, अशी सक्ती व्हावयास हवी. नंतरच्या चाळीस प्रमाणपत्रांपेक्षा त्या एका सहीला मी जास्त किंमत देईन.

यावर खर्चाचा आक्षेप येतो. आगीत तगणारी केबल साध्या तारेपेक्षा बरीच महाग असते, हे खरे आहे. पण सगळ्या इमारतीची तार बदला असे कोणी म्हणत नाही. टीव्ही आणि मिक्सरच्या तारा आगीत बंद पडल्या तर उत्तमच! प्रश्न आहे तो मोजक्या मंडलांचा. त्यांतही तारतम्य हवे. दोन मजली शाळेत घंटा वाजल्यापासून काही मिनिटांत मुले मैदानावर जातात. तेथे मोकळे जिने आणि कुलूप नसलेली दारे यांच्यावर आधी खर्च करावा, असे मी म्हणेन. ज्या दिव्यात स्वतःची बॅटरी असते तो तर तार जळाली की आपण होऊन पेटतो. त्याला महाग तार देणे म्हणजे पैसा वाया घालवणे. याउलट वीस मजली इमारतीत किंवा रुग्णालयात, जिथे सर्वांना एकदम बाहेर काढता येत नाही, तिथे पंप, पंखे, अग्निशामकांची लिफ्ट आणि सूचना देणारे ध्वनिक्षेपक तासन् तास चालले पाहिजेत. अतिदक्षता विभागातील रुग्ण जिना उतरू शकत नाही. तिथे तारेच्या किमतीवर घासाघीस करणाऱ्यांशी वाद घालावयास माझी तयारी आहे.

आणखी एक मागणी उत्पादकांकडे. खोक्यावर ज्वाळेचे चित्र छापावयाचे असेल तर त्याखाली मराठीत, हिंदीत, ज्या त्या भाषेत स्पष्ट लिहा: 'ही तार आग पसरवत नाही, आगीत चालू राहत नाही.' दोन ओळींची शाई लागेल. शिक्षकांनीही भौतिकशास्त्राच्या तासाला रोधाचे उदाहरण देताना हीटरच्या तारेबरोबर एकदा पंपाच्या तारेचे द्यावे. मुलांनी आपल्या इमारतीच्या जिन्यात वर पाहावे. काही उघडावयाचे नाही, हात लावावयाचा नाही, नुसते पाहावयाचे. लाल बटणाकडे जाणारी तार कशात बसविली आहे?

आमच्या पंपाची ती तार आम्ही परत पाठविली. नवी केबल यायला तीन आठवडे लागले. ती जाड आणि नारिंगी होती, आणि वायरमनला वाकवताना जड गेली. अभ्रकाची फीत फाटू नये म्हणून ती तीव्र कोनात वाकवता येत नाही, हे त्याला मी सांगण्याआधीच खोक्यावरच्या कागदावरून त्याने वाचून घेतले होते. पहिल्या मजल्यावरच्या डबीपाशी तो थांबला, जुना नायलॉनचा कनेक्टर हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "साहेब, मग हा पण बदलायला पाहिजे की."